रिकाम्याचा फोटो नको

"थांब, थांब! रिकाम्याचा फोटो नको!"

मी मोबाइल धरून तयार असले, ऊन चांगलं पडलेलं असलं, मागची भिंत मोकळी असली, तरी काकू हे म्हणायच्याच. मग आत जायच्या आणि ओट्याखालून वरवंटा घेऊन यायच्या. जुन्या साडीच्या तुकड्यात त्याला गुंडाळायच्या, वरच्या टोकाला लोकरीचं टोपडं बांधायच्या आणि पाळण्यात निजवायच्या. दोरीला हलकासा झोका द्यायच्या. "हं, आता काढ. गोप्या झोपलाय, आवाज नको."

बारशाला बाळाच्या आधी पाळण्यात वरवंटा घालतात, हे तुम्ही पाहिलं असेल. काही घरांत त्याला गोप्याच म्हणतात. पण इंटरनेटवर विकायला ठेवलेल्या पाळण्यात वरवंटा निजवणारी दुसरी बाई मी तरी पाहिलेली नाही. रिकामा पाळणा हलवू नये, एवढं त्यांना त्यांच्या आईनं शिकवलं होतं. रिकाम्याचा फोटोही काढू नये, ही भर त्यांची स्वतःची.

याचे परिणाम मला भोगावे लागत, कारण मेसेज मी वाचायचे. पंचवटीतल्या एका गृहस्थांनी विचारलं होतं, "सोबतचा दगड किमतीत धरला आहे का?" मी वाचून दाखवलं. काकू म्हणाल्या, "त्यांना सांग, तो दुकानाचा मालक आहे. मी नुसती नोकर."

सातपूरच्या कामगार वसाहतीत काकूंचं घर होतं आणि त्यांच्या वरच्या खोलीत मी भाड्यानं राहायचे. काका कारखान्यातून निवृत्त झालेले. मी एमआयडीसीतल्या एका कंपनीत हिशेबाच्या कामाला. माझे आई-बाप दिंडोरीकडे द्राक्षबागांत कामाला जायचे. आमच्या अख्ख्या घरात पदवी घेतलेली मी पहिली, आणि हे मी मान वर करून सांगते. गावात कुणी विचारलं नाही की पोरगी काय शिकली. काकूंनी मात्र पहिल्याच दिवशी विचारलं आणि नंतर तीच हाक पाडली. "ए बीकॉम, खाली ये गं, चहा टाकलाय." रस्त्यावरून जातानासुद्धा मोठ्यानं, "बीकॉम!" लोक वळून बघायचे. मला ते आवडायचं.

धंदा सुरू झाला तो त्यांच्या नातवाच्या पाळण्यापासून. नातू मोठा झाला, लेक-जावई इंदूरला गेले, पाळणा जिन्याखाली अडगळ होऊन बसला. मी फोटो काढून विक्रीच्या एका ॲपवर टाकला आणि संध्याकाळी एक जोडपं येऊन तो घेऊनही गेलं. काकू दारात उभ्या राहून बघतच राहिल्या. "भाजीवाल्याची मेथीसुद्धा एवढ्या लवकर संपत नाय गं."

मग शेजारणीची बाबागाडी आली, कुणाची उंच खुर्ची आली, कुणाची मच्छरदाणी. मी आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपला एक छान इंग्रजी नाव सुचवलं होतं. काकूंनी विचारलं, "त्याचा अर्थ काय?" मी सांगितला. "पण वस्तू वापरलेली हाय ना? मग वापरलेली म्हण की, लाजायचं कशाला?" ग्रुपचं नाव पडलं, बाळाचं वापरलेलं सामान.

जाहिरात लिहायची मी, पण सांगायच्या त्या. त्यांची पद्धत उलटी होती. आधी खोट सांगायची, मग वस्तू. "लिही, मागचं डावं चाक वाजतं." मी लिहायचे, चाकाचा किरकोळ आवाज. "किरकोळ कुणाला? तुला. ज्या बाईचं पोर आत्ताच कुठं झोपलंय तिला विचार जा किरकोळ म्हणजे काय ते." मी किरकोळ खोडायचे.

सगळं सामान आधी काकांकडून पास व्हायचं. ते नटबोल्ट आवळायचे, पाळण्यात गव्हाची पिशवी ठेवून बराच वेळ झोके द्यायचे आणि मग तळाशी खडूनं 'ओके' लिहायचे. कारखान्यात उभी हयात तेच केलं होतं. दिवसभरात त्यांच्या तोंडून तेवढा एकच शब्द बाहेर पडायचा, तोही लेखी.

गिऱ्हाईक आलं की काकूंचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा. "बाळ किती महिन्यांचं?" मग त्याचं पोट, दात, झोप. सामानावर यायला चहा संपावा लागे. वॉकर त्या विकायच्याच नाहीत. "बोट धरून चालवा की. तुम्हाला वाकायचा कंटाळा, म्हणून पोराला चाकं लावायची?" एवढं बोलून वर त्याच बाईला त्या बाबागाडी विकायच्या, आणि ती बाई हसत पैसे द्यायची. हे कसं जमायचं, ते बीकॉमच्या पुस्तकात नव्हतं.

एका रविवारी गंगापूर रोडकडची एक मुलगी पाळणा विकायला घेऊन आली. माझ्याच वयाची असेल. नवरा बाहेर गाडीतच बसून राहिला. पाळणा इतका देखणा होता की मी तो बघूनच जाहिरात मोठ्यानं म्हणत टाइप करायला लागले. "शिसवी लाकूड, नवा कोरा, एकदाही न वापरलेला..." दांड्यांना प्लास्टिक अजून तसंच गुंडाळलेलं होतं.

मुलीनं त्या प्लास्टिकचं सुटलेलं टोक परत नीट दाबलं. काकूंनी माझ्या हातातून मोबाइल काढून घेतला आणि तो उपडा ठेवला. मग तिच्याजवळ बसून नेहमीचाच प्रश्न विचारला, पण हलक्या आवाजात.

"बाळ किती महिन्यांचं होतं गं?"

"आठवा संपत आला होता," ती म्हणाली. "पोटातच गेलं."

काका खडू घेऊन उभे होते. त्यांनी तो खिशात ठेवला.

मग ती आपणहून बोलायला लागली. "सगळे सांगत होते, आधीपासून काही आणू नका. मी ऐकलं नाही. पाळणा, गादी, सगळं मागवून ठेवलं. सासूबाई काही म्हणत नाहीत. पण मला माहितीय, त्यांच्या मनात काय येत असेल. माझ्याही मनात तेच येतं."

"पाळणा आणल्यानं पोरं जात असती," काकू म्हणाल्या, "तर पाळणे विकणाऱ्यांचे वंश बुडाले असते बाई."

ती रडता रडता हसली. जाताना तिनं एवढंच सांगितलं, "पैसे नकोत मला. पण कुणाच्या तरी घरात हा हलू दे, काकू. माझ्याकडे आला म्हणून त्याचं वाटोळं नको."

काकूंनी शब्द दिला. आणि तिथंच आमची पंचाईत झाली.

न वापरलेला पाळणा विकायला निघाला की प्रत्येक जण एकच गोष्ट विचारतो, मग विकता का? आणि काकू प्रत्येकाला खरं सांगायच्या. मी म्हटलं, "सांगा ना, भेट म्हणून दोन आले होते. कुणाचं काय बिघडतंय?" त्या म्हणाल्या, "मग चाक वाजतं हे तरी कशाला लिहितो आपण?"

माणसं यायची, लाकडावरून हात फिरवायची, खरं ऐकायची आणि हात काढून घ्यायची. "घरी विचारून सांगतो हं." एक बाई तर चहा अर्धा ठेवून गेली. वाईट कुणीच नव्हतं. भीती वाटत होती त्यांना, घरात तान्हं असलं की वाटतेच. इकडं दर रविवारी त्या मुलीचा फोन यायचा. "काकू, गेला का?" काकू म्हणायच्या, "नाय गं अजून. जाईल." फोन ठेवला की त्या उठून पाळण्यातल्या गोप्याचं टोपडं उगीच सारखं करायच्या.

एकदा मला राहवलं नाही. "तुम्ही खरं बोलता, काकू, आणि त्याची शिक्षा तिला. दर रविवारी तिला नव्यानं ऐकावं लागतं की आपल्या बाळाचा पाळणा कुणाला नकोय."

काकू शेंगा सोलत होत्या, त्या सोलतच राहिल्या. शेंगा संपल्यावर म्हणाल्या, "झालंय ते पुसता यायचं नाय, बीकॉम. पण त्याला पुढं काही जोडता येतं का, ते बघू."

दुसऱ्या दिवशी मी कामावरून आले तेव्हा पाळणा जागेवर नव्हता. काकांनी बोट दाखवलं, तशी मी त्र्यंबक रोडच्या बाजूला निघाले. तिथं एका नव्या इमारतीचं काम चाललं होतं. सुरगाण्याकडची मजूर मंडळी पत्र्याच्या शेडमध्ये राहात होती. तिथल्या एका बाईला मुलगी झाली होती, आणि ती दोन खांबांना बांधलेल्या साडीच्या झोळीत झोपली होती. मी स्वतः अशाच झोळीत वाढले आहे, म्हणून मला ती लांबूनच दिसली.

काकू त्या बाईला सगळं सांगत होत्या. पाळणा कुणाचा, का आणला, काय झालं. काही गाळलं नाही. "विकत नको घेऊ. नाव ठेवण्यापुरता ठेव, मग मी घेऊन जाईन. नको असेल तर तसंही सांग."

बाईनं पाळण्याला एक धक्का दिला. "करकरतो का?"

"नाय. ओके हाय," काकू म्हणाल्या.

"मंग राहू द्या की."

एवढंच. एवढ्यासाठी किती रविवार गेले होते.

बारशाला काकूंनी त्या मुलीला बोलावलं. मला हे पटलं नव्हतं, मी तसं बोललेही. पण ती आली. बारशाचं म्हणाल तर थोडी त्यांची रीत, थोडी आमची, जमेल तसं चाललं होतं. ती शेडच्या दारातच उभी राहिली, पर्स छातीशी धरून. आधी गोप्याला पाळण्यात घातलं. मग बाळाला पाळण्याखालून आणि वरून फिरवायची वेळ आली. "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या!" तुम्ही पाहिलंच असेल, यात अलीकडे एक बाई लागते आणि पलीकडे एक. पलीकडे कुणीच नव्हतं. मी पुढं व्हायला लागले तर काकूंनी माझा पदर धरला.

बाळाच्या आईनं दाराकडं पाहिलं. तिला सगळं ठाऊक होतं. "घ्या ना ताई," ती म्हणाली, "हात भरून आला माझा."

मुलीनं पर्स खाली ठेवली आणि पलीकडे जाऊन हात पुढं केले. पहिल्या फेरीला तिनं बाळ घेतलं न घेतलं तोच परत दिलं. शेवटच्या फेरीपर्यंत हात नीट धरायला लागले होते. नाव ठेवून झाल्यावर दोरीही तिच्याच हातात आली, आणि बाळ झोपलं तरी ती झोका द्यायची थांबेना. काकू मला म्हणाल्या, "काढ आता फोटो." मोबाइल माझ्या हातातच होता, पण मी काढला नाही. त्या फोटोची जाहिरात होणार नव्हती.

त्यानंतर तो पाळणा विकला गेलाच नाही, बारशापुरता उसना जाऊ लागला. शेजारच्या गल्लीत बारसं निघालं, काकूंनी पुन्हा सगळं सांगितलं, पण आता शेवटी एक वाक्य वाढलं होतं. "आणि मग त्यात एका मुलीचं नाव ठेवलं. चांगली गुटगुटीत झालीय." पुढं ती यादी लांबत गेली. काही घरचे पहिला भाग ऐकताना घाबरले, तरी शेवटपर्यंत ऐकून पाळणा नेला. काका तळाशी दर वेळी नवा 'ओके' लिहायचे. जुने पुसायचे नाहीत.

मुलीचे फोन चालूच होते. मात्र "गेला का?" हे बंद झालं. आता ती विचारायची, "काकू, सध्या कुठंय?"

काकू आता सातपूरला नाहीत. गेल्या दिवाळीनंतर दोघं येवल्याला त्यांच्या जुन्या घरी राहायला गेले. काकूंच्या दिराचं घर शेजारीच, त्यांचा पैठणीचा माग अजून चालू आहे, तिथं काकांना बसल्या बसल्या खटखट ऐकायला मिळते. कारखाना सुटल्यापासून त्यांना घर फार शांत वाटायचं. सामान भरताना काकूंनी वरवंटा माझ्या हातात ठेवला. लग्नानंतर येवल्याहून येताना पाटा जड म्हणून तिकडंच राहिला होता आणि वरवंटा तेवढा पिशवीतून आला होता, हे मला माहीत होतं. मी म्हटलं, "अहो, तिथं याचा पाटा आहे ना?"

"पाट्याला एकट्याची सवय झालीय आता," काकू म्हणाल्या. "आणि धंदा ह्याच्या नावावर हाय. मालक घेऊन गेले तर तू कुणाची नोकरी करशील?"

तर आता खालची खोलीही मीच घेतली आहे. नोकरी आहेच, आणि शनिवार-रविवार बाळांचं वापरलेलं सामान. खोट आधी लिहिते. गव्हाची पिशवी ठेवून झोके देते. काकू फोनवर विचारतात, "बीकॉम, गोप्याला झोपवलं का?"

परवा त्या मुलीचा मेसेज आला. नेहमीचं "सध्या कुठंय?" नव्हतं. लिहिलं होतं, "पाळणा आता कुणाला देऊ नका. मला लागेल. आत्ता नको, बाळ घरी आलं की मी स्वतः न्यायला येईन. अजून कुणाला बोलले नाही."

मी तिथल्या तिथं येवल्याला फोन लावला. काकूंनी ऐकून घेतलं. पलीकडे मागाचा आवाज तेवढा येत राहिला. मग त्या म्हणाल्या, "किती महिन्यांचं?"

"विचारलं नाही."

"नको विचारू. येईल तेव्हा येईल. तू एवढंच कर, पाळणा पुसून खिडकीपाशी ठेव. आणि रिकामा नको ठेवू."

पाळणा खिडकीपाशी आहे. मी त्याचा फोटो ग्रुपवर टाकलेला नाही. गोप्याला धुतलेलं टोपडं घातलंय. कामावरून आले की मी चपला काढायच्या आधी दोरीला एक झोका देते, आणि मग चहा ठेवते.