माझ्या नावावरची जागा

कॉलेजच्या सर्व्हरवरची जागा संपली, तेव्हा कोणी किती जागा अडवली आहे त्याचा रिपोर्ट स्टाफच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आला. सगळ्यात वर माझं नाव, तेही लाल रंगात. खाली प्राचार्यांचा शेरा होता, संबंधितांनी आजच्या आज जागा रिकामी करावी.

मी मराठी शिकवते. स्टाफरूममध्ये पाय ठेवला तर कॉमर्सचे सर म्हणाले, "मॅडम, पिक्चर भरून ठेवले का जी?" सगळे हसले. माझे कान तापले.

माझं स्वतःचं असं तिथे काय होतं? एकोडी आणि करडी या गावांतल्या बायांचे आवाज. धानाच्या रोवणीचे, म्हणजे भातलावणीचे शब्द त्यांच्याच तोंडून टिपून ठेवले होते. नुसत्या आवाजाला जागा लागते किती? जागा खाल्ली होती ती गॅदरिंगच्या व्हिडिओंनी आणि तपासणी समितीला दाखवायला ड्रोन उडवून काढलेल्या फिल्मने. सांस्कृतिक समिती माझ्या गळ्यात मारलेली, म्हणून जो तो पेनड्राइव्ह घेऊन यायचा, "मॅडम, तुमच्या लॉगिनवरून टाकून द्या न." मी टाकत गेले. फाइल कोणी टाकली एवढंच मशीनला कळतं, कोणाच्या सांगण्यावरून टाकली ते नाही.

तडक कॉम्प्युटर रूममध्ये गेले. सर्व्हर सांभाळणारे सर खुर्चीत रेलून बसले होते.

"हा रिपोर्ट फोल्डरप्रमाणे काढा," मी म्हटलं. "ड्रोनची फिल्म कोणाच्या हुकमाने आली, ते पण टाका ग्रुपवर."

"प्राचार्य सरांनी युजरप्रमाणेच मागतला, मॅडम. मी काय करू?" मग म्हणाले, "आणि तुमच्या जुन्या फाइली मी सकाळीच उडवल्या. सरांचा फोन आला होता. गॅदरिंग आणि ड्रोनचं राहू द्या म्हणे, तपासणी समितीले दाखवाचं आहे."

"कोणत्या जुन्या?"

त्यांनी मॉनिटर माझ्याकडे वळवला. आवाजांचं फोल्डर रिकामं होतं.

"बॅकअप?"

"बॅकअप घ्यायले जागा कुठं होती?"

तशीच प्राचार्यांच्या केबिनमध्ये शिरले. ते चहा पीत होते. तुमची फिल्म माझ्या नावावर मोजता आणि मला न विचारता माझं काम पुसता, असं मी म्हणाले, नव्हे, ओरडलेच. "आवाज खाली ठेवा," ते म्हणाले. "बायांचं बोलणंच तर होतं. पुन्हा करून घ्या." सांस्कृतिक समिती सोडल्याचं तिथेच सांगितलं आणि बाहेर पडले. झालं ते सगळं ग्रुपवर लिहिलं.

रविवारी एकोडीला गेले. रोवणीला बायांची टोळी घेऊन जाणारी एक बाई आहे तिथे, माझ्याहून थोडी मोठी. सगळ्यात जास्त बोलली होती ती. मला पाहून म्हणाली, "मागं दिवसभर सांगतलं होतं न तुले. मंग आता कायले?"

"पुसून टाकलं, बाई."

"कोनं?"

"आमच्या कॉलेजनं."

"काहून?"

"जागा नव्हती म्हणे."

तिचाही पारा चढला. "आमी का रिकामे बसलो होतो का? काम सोडून बोललो न तुह्याशी!" ती रागावली ते मला बरंच वाटलं. इतक्या दिवसांत माझ्याशिवाय कोणीतरी रागावलं होतं.

शेवटी बसली ती ओट्यावर आणि मी फोन समोर धरला. पण गुरांना चारा टाकायचा होता, घाईत होती. मागच्या वेळी आम्ही धानाच्या शेतात, बांधीत होतो, चिखलात उभ्या. रोपांच्या जुडीला काय म्हणायचं यावरून टोळीतल्या दोघींचं भांडण जुंपलं होतं. एक म्हणे माझ्या माहेरी असं म्हणतात, दुसरी म्हणे तुझ्या माहेरच्यांना रोवणी येते का! बाकीच्या वाकल्या वाकल्या हसत होत्या. तसं भांडण मुद्दाम घडवून आणता येत नाही. या वेळी तिने जुडीसाठी एकच शब्द सांगितला, बाकीचेही भराभर सांगितले आणि उठली.

घरी येऊन ते रेकॉर्डिंग ऐकलं. शब्द स्पष्ट आहेत, सगळे बरोबर आहेत. ते भांडण, ते हसणं मात्र कुठेच नव्हतं, म्हणून बंद केलं.