पुलावरचं गाढव

रंगमावशीने उभ्या आयुष्यात कुणाशी आवाज चढवून भांडण केलं नाही. ती डूख धरायची, आणि तेही हसतमुखाने, समोरच्याला चकली देत देत.

तरुणपणी ती पुण्याहून पॅरिसला चित्रकला शिकायला गेली आणि तिथल्या एका स्टुडिओत, हाताने काढलेल्या एका छोट्या कार्टून फिल्मची चित्रं रंगवायला लागली. एक म्हातारा आपलं गाढव विकायला बाजारात नेतो, एवढीच गोष्ट. पुढे फ्रेंच लोक ती फिल्म जुना ठेवा म्हणून जपू लागले. "गाढवाचा रंग सगळा माझ्या हातचा," मावशी सांगे. शेवटच्या पाटीवर तिचं नाव होतं. आयुष्यात पडद्यावर ते तेवढं एकदाच आलं.

पुढे ती अमेरिकेत आली. नेपरव्हिलच्या आमच्या मराठी मंडळात गणपतीला तिने ती फिल्म दाखवली. नवी पैठणी नेसून आली होती. गाढव पुलाच्या मधोमध अडून बसलं आणि नेमके अध्यक्षकाकांनी हॉलचे दिवे लावले. "चला चला, पुऱ्या गार होतायत! कार्टूनच आहे, नंतर बघू." सगळे ताटांकडे धावले. मावशीने निमूट प्रोजेक्टर बंद केला. पुरीला मात्र तिने हात लावला नाही.

त्यानंतर ती फिल्म मंडळात दिसली नाही. सुरुवातीची फ्रेंच पाटी कुणी धड वाचली नव्हती आणि मावशी नाव सांगेना. इकडे काकांच्या डोक्यात गाढव जे शिरलं, ते निघेना. इंडियन ग्रोसरीत भेटले की विचारत, "ताई, आख्खं इंटरनेट सर्च केलं हो. शेवटी त्याचं झालं काय?"

"आहे की पुलावर. तुम्हीच ठेवलंय त्याला तिथे."

त्यांच्या देखत ती मुलांच्या कानात शेवट सांगे. मुलं खिदळत. काकांनी खोदून विचारलं की म्हणत, "सॉरी अंकल, वी प्रॉमिस्ड!"

"मावशी, ते सॉरी म्हणाले असते तर?" मी एकदा विचारलं.

"म्हणाले ना. 'सॉरी ताई, पण पुऱ्या खरंच गार होत होत्या.' असलं सॉरी मी घेत नाही."

या हिवाळ्यात मावशी गेली. जाण्याआधी हॉस्पिटलमध्ये फिल्म माझ्या हवाली करून म्हणाली, "सगळ्यांना दाखव. त्यांना सोडून."

शोकसभा त्याच हॉलमध्ये होती. बाहेर बर्फ पडत होता. मी फिल्म लावली. काका पहिल्या रांगेत, खुर्चीच्या टोकाशी बसलेले. गाढव पुलावर अडलं तशी मी त्यांच्या कानाशी वाकले. "काका, बाहेर लॉबीत चहाचा घोळ झालाय. तुमच्याशिवाय निस्तरणार नाही." असं म्हटल्यावर काकांना बसवत नाही, हे मला ठाऊक होतं. ते उठले. मी मागोमाग आले आणि दाराला पाठ लावून उभी राहिले.

आतून हसणं ऐकू आलं, मग शांतता. मग कुणीतरी मावशीचं नाव मोठ्याने वाचलं आणि टाळ्या सुरू झाल्या, त्या थांबेचनात.

"संपली?" काकांनी माझ्या खांद्यावरून दाराकडे पाहिलं. "अगं, गाढवाचं काय झालं?"

मला दया यायला हवी होती. आली नाही. उलट जीव थंड झाला. मी एक कप भरून त्यांच्या हातात दिला.

"घ्या काका, चहा गार होतोय."