उजव्या बाजूचे पाटे

ट्रकवाल्यांच्या गल्लीत तिला सगळे काकू म्हणायचे, तिच्याच वयाची माणसंसुद्धा. नवऱ्याचं पाट्यांचं दुकान होतं. ट्रकच्या मागच्या चाकांवर एकावर एक रचलेले जे वाकडे लोखंडी पाटे सगळा माल पेलतात, ते तापवून, ठोकून, बाक देऊन बसवायचं काम. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी कामावरचा माणूस पळाला आणि घण काकूच्या हातात आला, तो तेवीस वर्षं सुटला नाही. त्या ठोकाठोकीत नवऱ्याचे कान गेले. "यांना ऐकू जावं म्हणून माझा आवाज चढला," असं ती म्हणायची. नवरा म्हणायचा, "आवाज आधीपासूनच असा होता. मला ऐकू यायचं तेव्हापासून आठवतंय."

दुकान विकून चार वर्षं झाली होती. एका दुपारी धाकटा दीर आला. त्याचा एकच ट्रक, त्यावरच सगळं घर. पाटे तुटले म्हणून तो ट्रक गल्लीच्या टोकाच्या गॅरेजात नऊ दिवस पडून होता. त्याने खिशातून बिल काढलं.

"वहिनी, जरा नजर टाका. जास्त नाही ना लावलं?"

काकूने चष्मा लावला. मागचे दोन्ही बाजूंचे पाटे नवे. पिना, बुश, बोल्ट. मजुरी चार दिवसांची.

"चार दिवस? पाटे बदलत होता की घर बांधत होता? दीड दिवसाचं काम हे! आणि खाली ही सही कुणाची?"

"माझीच."

"म्हणजे आधी सही केलीत आणि मग विचारायला आलात, भाऊजी?"

"त्याच्याशी वाकडं नको हो वहिनी. उद्या गाडी बिघडली तर पुन्हा त्याच्याच दारात जायचंय."

काकूची तळपायाची आग मस्तकात गेली. तिने चपला अडकवल्या आणि दिराला पुढे घालून थेट गॅरेज गाठलं.

गॅरेजवाला गोडबोल्या माणूस. "या काकू, बसा, चहा सांगू?"

"चहा राहू दे. चार दिवस कसे लागले ते सांग."

त्याने कोपऱ्यातल्या भंगारातून पाटा अडकवायची एक जाड पिन काढून तिच्या हातात दिली. गंजून भोवतालच्या नळीशी, म्हणजे बुशाशी, एकजीव झालेली. दोन दिवस ठोकून हलली नाही, शेवटी गॅसने कापावी लागली होती. काकूने ती उलटसुलट करून पाहिली. असल्या पिनांशी तिने स्वतः झुंज दिली होती.

"शेवटचं ग्रीस कधी भरलं होतं?" तिने दिराला विचारलं.

दीर जमिनीकडे बघत म्हणाला, "झाली असतील दोन वर्षं."

"दोन वर्षं! मग चार दिवस लागतील नाहीतर काय? मजुरी रास्त आहे. मुकाट्याने द्या."

गॅरेजवाला हसला. काकूला ते हसणं आवडलं नाही. मजुरीवरून वाद घालायला आलेली बाई गप्प झाली, एवढ्यानेच त्याला इतका आनंद कशाचा? तिने एक रिकामं पोतं ओढलं, बॅटरी घेतली आणि ट्रकखाली शिरली.

डावीकडचे पाटे कोरे होते. उजवीकडेही तसाच काळा रंग. तिने तारेचा ब्रश मागितला. कुणी देईना, तेव्हा बाहेर येऊन स्वतःच उचलला आणि रंग खरवडला.

"हे नवे आहेत?"

"नवेच की. रंग अजून ओला आहे बघा."

"रंग नवा आहे. मी पाट्यांचं विचारतेय."

खालच्या पाट्याचं टोक वर्षानुवर्षं घासून वरच्या पाट्याला खाच पाडतं. जुन्या पाट्यांना पुन्हा बाक दिला की ते टोक नखभर सरकतं आणि खाच उघडी पडते. काकूचं नख एकेका खाचेत अडकत होतं.

"पाटे आणलेस त्या दुकानाची पावती दाखव."

पावती आधी सापडेना. मग काकूचा आवाज लागला, चार-पाच ड्रायव्हर गोळा झाले, तेव्हा ती टेबलाच्या खणातच निघाली. खरेदी एकाच बाजूची होती.

"जुने चांगले होते म्हणून ठेवले, काकू. सगळेच करतात."

"आम्हीही जुने बसवलेत. पण बिलावर तसं लिहून, आणि पैसे तेवढेच घेऊन! आणि एकीकडे नवे, दुसरीकडे म्हातारे, असं कधी केलं नाही. भरलेली गाडी वळणावर एका अंगाला झोपली तर स्टिअरिंगवर कोण असतं? तू असतोस?"

गॅरेजवाला काही बोलायच्या आत दीरच मधे पडला. "तेवढे पैसे कमी कर बाबा, मी गाडी घेऊन जातो. उद्या माल भरायचाय."

काकू गॅरेजवाल्यावरसुद्धा एवढी भडकली नव्हती. "स्वतःच्या जिवाचा भाव करताय? दोन लेकरांचे बाप आहात की कोण? उजवे पाटे नवे बसल्याशिवाय ही गाडी इथून हलणार नाही!" आणि ती खरंच ट्रकपुढे एक खोकं टाकून त्यावर बसली. अंधार पडला, तेव्हा गॅरेजवाल्याने जुने पाटे तिच्यासमोर उतरवले.

नवे बसायला दोन दिवस गेले. बिलाचा आकडा तोच राहिला, फक्त आता तो खरा झाला. पण दिराची खेप गेली. व्यापाऱ्याने माल दुसऱ्या गाडीत भरला. दिराने ट्रक नेला आणि भावाच्या घराकडे वळूनही पाहिलं नाही.

पंधरवड्याने धाकट्या जावेचा फोन आला. "जाऊबाई, हे तुमच्यावर फार चिडलेत. एवढ्या लोकांत बोललात म्हणतात."

"चिडू दे. चिडायला धडधाकट आहेत ना?" काकू म्हणाली आणि फोन ठेवला. पण त्या दिवशी तिने भाजीत दोनदा मीठ घातलं. लोकांत बोलायला नको होतं, एवढं तिला कळत होतं. बाकी एका शब्दाचाही तिला पस्तावा नव्हता.

दीड महिन्याने दीर आला. पाणी प्यायला, थोरल्या मुलीच्या परीक्षेचं बोलला, जेवून गेला. ट्रकचा विषय दोघांनीही काढला नाही.

गॅरेजवाल्याशी मात्र काकू आजही बोलत नाही. तो लांबूनच हात जोडतो, आणि ती रस्ता ओलांडून पलीकडून जाते.