दुपारची लाइन ओके

दत्ता गेल्याचं त्याच्या आईने कुंपणापलीकडून मला सांगितलं. त्याच्या मुंबईच्या दोघा भावांनी छापून आणलेला श्रद्धांजलीचा फलक नंतर आचऱ्याच्या तिठ्यावर लागला. ‘शांत आणि मनमिळाऊ स्वभावाचे...’ मी उभी राहून तो पुरता वाचला. शांत म्हणे. ज्यांनी सख्ख्या भावाला कधी ओळखलंच नाही, त्यांनी निदान त्याचं वर्णन तरी करू नये.

दत्ता लहानपणापासून पायांनी अधू, तोंडाने नव्हे. मासे विकणाऱ्या आमच्या घरातली पहिली पदवीधर मी, तीही फिजिक्सची. त्याचा मला अभिमान आहे आणि तो लपवावा असं कधी वाटलं नाही. शेजारचा हा दत्ता मला नावाने हाक मारत नसे. “काय गो बीएस्सी, आज कोणाचो अडाणीपणा काढलंस?” ब्रॉडबँड आलं तेव्हा त्याने पुण्याच्या एका छापखान्याचं अक्षरजुळणीचं काम धरलं. दिवसभर पानं लावायची, संध्याकाळी पाठवायची. आणि नेमकी संध्याकाळी लाइन मरायची. छापखान्याने शेवटचं बजावलं. भाऊ त्याचीच वाट पाहत होते... झाली हौस, आता मुंबईला ये, पडून राहशील एका कोपऱ्यात. स्वतःच्या कमाईवर जगणाऱ्या माणसाला कोपरा देऊ करणारे हे दानशूर.

त्याच्यासाठी मी तक्रार केली की टेलिफोनचे साहेब यायचे, दुपारी, जेवून. मोडेमचे दिवे बघायचे. “मॅडम, लाइन ओके आहे. कॉम्प्युटरात व्हायरस असेल.” पुढच्या खेपेला माडाची झावळं, त्याच्या पुढच्या खेपेला खारी हवा. इतक्या कमी कुतूहलावर माणूस जन्मभर नोकरी कशी करतो, मला अजून कळलेलं नाही. गावाचं डोकं तर त्याच्याही पुढे. दत्ताच्या आईला एकदा डायल टोनच्या मागे कोणी पुटपुटताना ऐकू आलं. फोनात देवचार शिरला म्हणून तिने सरळ देवळात गाऱ्हाणं घातलं आणि ‘व्हय महाराजा’ म्हणायला अर्धी वाडी हजर. तो देवचार बोलतो तरी काय, हे कान लावून ऐकायचं एकालाही सुचलं नाही.

मी ऐकलं. ‘मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये...’ हे वाक्य आमच्याकडे बाबांच्या ट्रान्झिस्टरवर लहानपणापासून ऐकत आले. तोच ट्रान्झिस्टर आणून फोनशेजारी लावला. तोच निवेदक, तेच शब्द, एकदमच. मोडेम काढला, कॉम्प्युटर बंद केला, फोन थेट बाहेरच्या डबीला जोडला, तरी हवामान चालूच. म्हणजे दोष घरात नव्हता. खांबापासून माडामाडांतून लोंबत आलेली जुनी तार, तिचे गंजलेले जोड... ती तार जवळच्या रेडिओ केंद्राच्या मनोऱ्याच्या लहरी पकडत होती आणि त्या गोंगाटात ब्रॉडबँड बुडत होतं. दुपारी केंद्र बंद असायचं, तेव्हा लाइन ठणठणीत. हे सांगितल्यावर दत्ता हसून हसून खाटेवर आडवा झाला. “गो, दुपारी रेडिओ निजता आणि तेवाच सायब येता. दोगांची गाठच पडणा नाय.”

मग ती गाठ आम्ही घातली. पुढच्या खेपेला दत्ताने साहेबांना चहा पाजला, शिरवाळे खायला घातले, त्यांच्या बढतीची चौकशी केली, आणि संध्याकाळी केंद्र सुरू होताच रिसीव्हर त्यांच्या हातात दिला. साहेब बराच वेळ ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, “असा प्रकार आमच्याकडे नोंदवलेला नाही.”

सरकारी माणसाशी सगळे प्रमाण मराठीत बोलतात. दत्ता मुद्दाम मालवणीत बोलला. “नोंदीत नसात, पण तुमच्या कानात आसा मां? आता वायर बदलतास काय मी मुंबैक जाव?”

वायर बदलली. पीळ घातलेली नवी केबल आली, दारात फिल्टर बसला, पानं वेळेवर जाऊ लागली. गावाने श्रेय गाऱ्हाण्याला दिलं, साहेबांनी स्वतःला. दत्ता मुंबईला गेला नाही. शेवटपर्यंत त्याच खाटेवर बसून काम करत राहिला आणि तिथेच गेला.

आता भाऊ म्हणतात, फोन कोण वापरतो, कापून टाका. आई ऐकत नाही. परवा संध्याकाळी मी दत्ताच्या खोलीत गेले. आमच्या पडवीतून ट्रान्झिस्टरवरचं समुद्राचं हवामान ऐकू येत होतं. मी रिसीव्हर उचलून कानाला लावला. नुसता टोन, स्वच्छ, मागे कोणी नाही... शांत ही लाइन आहे. आणि ती त्याने भांडून शांत करून घेतली होती.