चारी बाजूंनी माझंच नाव

माझ्या हातून बारीकसारीक चुका होत नाहीत, हे आधीच सांगून ठेवतो. इंजिनियर माणूस मी. प्रत्येक गोष्ट दोनदा तपासणार. पण चुकून काही झालंच, तर ते मस्कतपासून अकोल्यापर्यंत गाजतं. हसू नका, आधी चहा घ्या!

तेव्हा आम्ही मस्कतला, अल हैलला राहायचो. माझं ऑफिस अल खुवैरला. एक दिवस ऑफिसात मोहीम निघाली. घरातला कचरा वेगळा करा, रिसायकल होणारं सगळं एका खोक्यात भरून आणा, ज्याचं खोकं सगळ्यात नीटनेटकं त्याला बक्षीस. माझ्या अंगात वारंच शिरलं! नीटनेटकेपणात मला हरवणार कोण?

त्याच संध्याकाळी दाराजवळच्या पॅसेजमध्ये कोपरा तयार केला. चपलांचं कपाट हलवलं. कागद इथे, प्लास्टिक तिथे, पत्र्याचे डबे त्या पलीकडे. आमची सुजाता दूध पावडरचा डबा रिकामा करायच्या आत मी बाहेर हात पसरून उभा! डबे गरम पाण्याने धुवायचे, पुसायचे, गच्चीवर उन्हात वाळवायचे. पाण्याच्या बाटल्या तर मी पायाखाली अशा चेपायचो की खालच्या मजल्यावरचे एकदा विचारायला आले, घरात बांधकाम चाललंय का.

"अहो, एवढी सेवा कधी माझी केली असती तर?" सुजाता म्हणाली.

"तुला रिसायकल करता येत नाही ना," मी म्हटलं. त्या रात्री जेवण जरा उशिराच मिळालं.

आता इकडे अकोल्याला माझ्या मेहुणीचं, प्रज्ञाचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरलेलं. आम्हाला रजा मिळेना. धाकट्या बहिणीचं साक्षगंध आणि आपण नाही, म्हणून सुजाता आतून फार कष्टी झाली होती. मग तिने ठरवलं, आपण नाही तर निदान आपलं खोकं तरी तिथे पाहिजे. नवरदेवाकडच्या मंडळींसमोर उघडायचं खोकं! त्यात हलवा, खजूर, बदाम-पिस्ते, अत्तराच्या बाटल्या, नवरदेवासाठी घड्याळ. दोन महिने जमवत होती बिचारी.

दोन्ही खोकी मीच आणली, एकाच सुपरमार्केटमधून, कारण तिथली खोकी मजबूत. दोन्ही मीच बांधली. गल्फचं खोकं कसं बांधतात माहीत आहे ना? आधी टेप, मग सुतळी, मग चारी बाजूंनी जाड मार्करने नाव.

"दोन्ही सारखीच दिसतायत हो," सुजाता म्हणाली.

"म्हणूनच तर नाव घातलंय."

"दोन्हींवर तुमचंच?"

"मग काय शेजाऱ्याचं घालू?"

बघा, तेव्हासुद्धा उत्तर कसं तयार होतं!

गुरुवारी संध्याकाळी आमचे मस्कतमधले स्नेही मेश्रामभाऊ आले. ते नागपूरला निघाले होते. मुंबईपर्यंत विमान, पुढे रेल्वे. अकोल्याच्या स्टेशनावर माझा मेहुणा खोकं उतरवून घेणार होता. सुजाता लेकीला ट्यूशनला सोडायला गेलेली. मी रुबाबात खोकं उचलून त्यांच्या गाडीत ठेवलं.

"भाऊ, आत काही खडखडतंय," मेश्राम म्हणाले.

"अत्तराच्या बाटल्या! सरळ धरा. आणि कस्टमवाल्याने विचारलं तर छाती ठोकून सांगा, जावयाकडची भेट आहे."

रविवारी सकाळी दुसरं खोकं ऑफिसात नेलं. तिथे रविवारी कामाचा दिवस, आणि अकोल्याला त्याच रविवारी साक्षगंध. हॉलमध्ये सगळ्यांची खोकी मांडलेली. आमचे ओमानी साहेब, सालिम, एकेक उघडून बघत होते. कुणाचे तेलकट डबे, कुणाचे ओले कागद. मी मागे उभा राहून गालातल्या गालात हसत होतो. माझं खोकं आलं. सुतळी कापली. झाकण उघडलं.

हॉलमध्ये हलव्याचा घमघमाट सुटला.

"इंजिनियर," सालिम म्हणाले, "ये तुम्हारा कचरा है? माशाल्ला!"

हे खोकं इथे, म्हणजे ते खोकं कुठे? मी फोन घेऊन बाहेर पळालो. मेश्राम म्हणाले, "भाऊ, कालच दिलं. एकदम सरळ धरून दिलं!"

धावत आत आलो, तर हलव्याचा डबा हातोहात फिरून रिकामा झालेला. "खलास," सालिम बोटं चाटत म्हणाले.

तसाच गाडी काढून घरी गेलो. सुजाताला सांगितलं. ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं. ती नुसती सोफ्यावर बसली आणि म्हणाली, "त्या लोकांसमोर आईनं चेपलेल्या बाटल्या काढल्या असतील." मला खरंच मेल्याहून मेल्यासारखं झालं. लग्न मोडलं तर?

व्हॉट्सअ‍ॅपवरून बोलायची तेव्हा तिथे सोय नव्हती. साधा फोन लावला, स्पीकरवर टाकला. सासूबाईंनी उचलला.

"जय भीम, आई. ते खोकं..."

"जय भीम जावईबापू! आताच उघडलं, सगळ्यायच्या समोर."

सुजाताने डोळे मिटले.

"बाप्पा, काय डबे पाठवले! घट्ट झाकणाचे, धुतले-पुसलेले. आमच्या इकडं असे भेटत नाई. नवरदेवाच्या मायनं त दोन डबे तिथल्या तिथं मांगून घेतले. म्हणे, जावयाले संसार समजते!"

मी खुर्चीत बसलो.

"नाई त दरवर्षी तुमचा तो खजूर," सासूबाई पुढे म्हणाल्या. "इथं कोणी खात नाई तो. मी गल्लीत वाटून टाकतो. या वक्ताले कसं बरोबर सुचलं तुमाले! पण त्या बाटल्या एवढ्या चेपल्या काहून?"

"मेश्रामभाऊंनी रस्त्यात नीट धरलं नाही, आई," मी म्हटलं.

सुजाता उशीत तोंड खुपसून हसत होती. मी मात्र आवाज चढवून सांगितलं, "पुढच्या वेळी आणखी मोठे पाठवतो!"

नवरदेवाचं घड्याळ सालिमसाहेबांनी नीट बाजूला ठेवलं होतं, ते पुढच्या खेपेला गेलं. ऑफिसात मला खास बक्षीसही मिळालं, सगळ्यांना आवडलेल्या कचऱ्याबद्दल. पत्र्याच्या मोठ्या डब्यात उत्तम प्रतीचा खजूर! मी लगेच अकोल्याला फोन करून सांगितलं.

सासूबाई म्हणाल्या, "खजूर तुमी खा जावईबापू. डबा तेवढा धुऊन पाठवा."