खो मिळेपर्यंत

मिरजेच्या ज्ञानदा हर्डीकरला अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावातली सगळी मराठी मुलं ओळखतात ती तिच्या उठण्यामुळे. ही मुलगी कुठेही बसली तरी पुरती बसत नाही. जेवता जेवता उठते, सिनेमा ऐन रंगात आला की उठते, आणि एका काकूंकडे सत्यनारायणाच्या कथेत साधुवाण्याची नाव बुडत असतानाच उठून बाहेर गेली, ते काकू अजून विसरलेल्या नाहीत. कारण दर वेळी एकच. उजव्या खिशातला फोन थरथरतो, आणि फोन थरथरला की पलीकडे तिचे प्रोफेसर असतात.

प्रोफेसर माणूस वाईट नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. थँक्सगिव्हिंगला लॅबच्या सगळ्या मुलांना घरी बोलावतात आणि मांस न खाणाऱ्यांसाठी वेगळं रांधतात. पण त्यांच्या डोक्यात एखादा विचार आला, की तो दुसऱ्याच्या डोक्यात घातल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. मेसेजची सुरुवात ठरलेली असते, ‘क्विक क्वेश्चन’. ज्ञानदाचं पीएचडीचं हे चौथं वर्ष, आणि आजवर तिने एकाही क्विक क्वेश्चनला ताटकळत ठेवलेलं नाही. उत्तराला उशीर झाला तर डिग्री हातची जाईल, असं तिला कोणी सांगितलं नव्हतं. हुशार मुलं भीतीसुद्धा स्वतःच्या अभ्यासाने मिळवतात. हिने ती पहिल्याच सेमिस्टरला मिळवली होती.

गंमत अशी की हीच मुलगी मिरजेत कॉलेजच्या खो-खो संघाची कॅप्टन होती, आणि तिचं नाव होतं ते बसण्यासाठी. खो-खोत कौतुक होतं पळणारीचं, पण बसणं ही वेगळीच विद्या आहे. एकीचं तोंड इकडे, दुसरीचं तिकडे, अशा ओळीत उकिडवं बसायचं. समोरून गडी हातभर अंतरावरून गेला तरी पाठीवर थाप पडून ‘खो’ ऐकू येईपर्यंत जागचं हलायचं नाही. आधी उठलं की फाउल. मग मागे लागलेलीला उलट दिशेने पळावं लागतं आणि हाताशी आलेला गडी निसटतो. ज्ञानदा तेव्हा अशी बसायची की सर म्हणायचे, हिच्या अंगावरून मुंगी गेली तरी ही ‘खो’ची वाट बघेल.

स्टेट कॉलेजात खो-खो सुरू केला तो तिच्या रूममेटने, नागपूरच्या अबोलीने. अपार्टमेंटमागच्या हिरवळीवर दर रविवारी दहाबारा जणी जमू लागल्या. त्यात दोघी तमिळ होत्या आणि ओहायोची एक सॉफ्टबॉल खेळणारी दणकट पोरही होती. नियम सगळ्यांना शिकवले ज्ञानदानेच. संघ जरा आकाराला आल्यावर अबोलीने फिलाडेल्फियाच्या मुलींना मॅचचं आमंत्रणही देऊन टाकलं.

आणि तिथेच घोडं पेंड खाऊ लागलं. प्रॅक्टिसला ज्ञानदा ओळीत बसलेली असे, कोणीतरी गड्याच्या मागे असे, आणि खिसा थरथरला की ही ताडकन उभी. फाउल. सॉरी म्हणून बसायची, की थोड्या वेळाने पुन्हा तेच. पहिल्या रविवारी सगळ्या हसल्या. पुढच्या रविवारी ओहायोची मुलगी तिच्यामुळे उलटी वळता वळता आपटली, तेव्हा कोणी हसलं नाही. अबोलीचा पारा चढला.

“यार, खो दिल्याशिवाय उठायचं नाही हे आम्हाला कोणी शिकवलं? तूच ना?” ती म्हणाली. “मॅचमध्ये एकदा जरी अशी उठलीस तर तुला रिप्लेस करीन. मग बाहेर बस, फोन घेऊन.”

हे ज्ञानदाला फार लागलं. पीएचडी लांबली असती तरी तिने ते सोसलं असतं, पण खो-खोतून बाहेर बसायचं, तेही बसता येत नाही म्हणून, ही नामुष्की तिला सहन होणारी नव्हती. मॅचच्या दिवशी फोन जवळ ठेवायचा नाही, असं तिने ठरवलं. आता प्रश्न उरला प्रोफेसरांना कळवण्याचा. खेळायला जाते म्हणून सांगायची तिला लाज वाटली. पीएचडीची मुलगी खेळते म्हणजे काय? तेव्हा तिने आपल्या लोकांचा हुकमी उपाय काढला आणि ईमेल केली, की शनिवारी सकाळी आमचा एक धार्मिक विधी आहे, त्यात फोन वर्ज्य असतो. नमस्काराच्या हातांच्या चित्रासकट प्रोफेसरांचं लगेच उत्तर आलं, की सावकाश होऊ दे. अबोलीने ते वाचलं आणि हसता हसता सोफ्यावरून खाली आली.

शनिवारी फोन बॅगेत गेला, बॅग अबोलीच्या गाडीच्या डिकीत गेली आणि किल्ली अबोलीने स्वतःकडे ठेवली. मॅच चुरशीची झाली. शेवटच्या डावात स्टेट कॉलेजला जिंकायला एकच गडी हवा होता, वेळ संपत आली होती, आणि पळत होती फिलाडेल्फियाची एक उंच, सापासारखी वळणारी मुलगी. अबोली तिच्या मागे होती. ज्ञानदा आपल्या जागी बसली होती, आणि तेवढ्यात तिची उजवी मांडी थरथरली.

अगदी स्पष्ट थरथरली. तिच्या टाचा उचलल्या गेल्या, गुडघे सुटू लागले. मग तिच्या लक्षात आलं, की फोन डिकीत आहे, खिसा रिकामा आहे. मग थरथरतंय काय? काहीच नाही. नुसती मांडीच थरथरत होती, चार वर्षांच्या सवयीने. तिला आपल्या त्या पायाची इतकी कीव आली की हसूच फुटलं. ती तशीच दम धरून खाली दबली.

उंच मुलीने मात्र तिला अर्धवट उठलेलं पाहिलं होतं. आता फाउल होणार आणि अबोली उलटी जाणार, या खात्रीने ती क्षणभर सैलावली, ज्ञानदाच्या अगदी समोर. पाठीवर थाप पडली, ‘खो’ ऐकू आला, आणि ज्ञानदाने आडवी झेप घेतली. दोन्ही कोपरं सोलून निघाली, पण बोटं त्या मुलीच्या टाचेला लागली. पुढचा आरडाओरडा ऐकून बाल्कनीत आलेल्या शेजाऱ्यांनीही टाळ्या वाजवल्या. खूप दिवसांनी तिला मिरजेच्या मैदानावर असल्यासारखं वाटलं.

डिकी उघडली तेव्हा फोनवर मेसेजची रांग होती. क्विक क्वेश्चन, तू ठेवलेली सॅम्पल्स फ्रीझरमध्ये कुठे आहेत? मग, आहेस का? मग, सॉरी, तुझा विधी विसरलोच. आणि शेवटी, सापडली, डब्यावर तूच लिहून ठेवलं आहेस. ज्ञानदाला हायसं वाटलं आणि थोडा अपमानही वाटला. तिला सत्यनारायणातल्या काकूंचा चेहरा आठवला. अशी किती उत्तरं आपण धावत जाऊन दिली, जी आधीच डब्यावर लिहिलेली होती?

सोमवारी प्रोफेसरांनी विधी कसा झाला म्हणून आपुलकीने विचारलं, आणि मग त्यांचं लक्ष तिच्या कोपरांवरच्या पट्ट्यांकडे गेलं. आता थाप चालण्यासारखी नव्हती. तिने खरं काय ते सांगून टाकलं, नियमांसकट. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं.

“म्हणजे कोणी सांगेपर्यंत गप्प बसायचं?” ते म्हणाले. “मला नाही जमणार. पुढचा विधी कधी?”

“दर रविवारी,” ज्ञानदा म्हणाली. “फोन बॅगेत असतो.”

त्यांनी मान डोलावली. पण सवय ती सवय. पुढच्या रविवारी प्रॅक्टिसनंतर सगळ्या पोहे खायला बसल्या असताना कोपऱ्यातल्या बॅगेत फोन थरथरला. अबोलीचा चमचा हवेतच थांबला. सगळ्यांच्या नजरा ज्ञानदाकडे वळल्या. ज्ञानदाने लिंबाची फोड उचलली, पोह्यांवर पिळली आणि मांडी ठोकून बसून राहिली.