कोळशावर मारलेलं पाणी

अकोल्याच्या बाजारात माझी पाठ फिरली की लोक मला 'पाणीवाला' म्हणतात. धंदा माझा कोळशाचा. हातगाडीपासून सुरुवात करून स्वतःची जागा केली, स्वतःचा काटा केला, आणि नाव पडलं पाण्यावरून! आठवलं की अजून डोकं तापतं.

हे नाव पाडलं अमरावतीजवळच्या नांदगाव पेठेतल्या एका कापड कारखान्याच्या मॅनेजरनं. त्यांच्या बॉयलरला कोळसा माझा जातो. रस्त्यात भुकटी उडू नये म्हणून भरलेल्या गाडीवर मी पाणी मारतो. वजन आधी, पाणी नंतर. पण ऐकतो कोण? साहेबानं ओला कोळसा मुठीत दाबला आणि चारचौघांत म्हणाला, "शेठ, आम्ही कोळसा मागवला होता. तुम्ही विहीर पाठवलीत." वर ऑर्डर बंद करायची धमकी. ते बोलणं अकोल्याच्या बाजारात पोचलं आणि मी पाणीवाला झालो.

मी तसाच तणतणत अमरावतीला भाचीकडे गेलो. ती इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते आणि बॉयलरमध्ये कोळशाचा कण कसा जळतो ते कम्प्युटरवर मांडते. तिनं दाखवलं. कण आधी वाळतो, मग त्यातला वायू निघून भडकतो, उरलेला काळा गाभा सावकाश जळतो. बारीक कण मात्र अर्धेकच्चे असतानाच वर धुराड्याकडे निघाले.

"हे कावून पळून राह्यले?"

"हलके आहेत न, मामा. खालची हवा उचलून नेते त्यायले. जळायले टाइमच भेटत नाही."

"मंग ठेव न अजून जरासे आत. कम्प्युटर तं तुयाच आहे."

"मामा, हा बाजार नोहे. कणासंगं भाव करता येत नाही."

"करून तं पाहा! बरं, यात पाणी टाक."

तिनं टाकलं. भुकटी ढेकळांना चिकटली, पळणारे कण निम्म्यावर आले. मी खुर्चीतून उठलोच. "पाह्य! अजून टाक!" तिनं अजून टाकलं, तशी आच मंदावली. सगळी उष्णता पाणी उडवण्यातच चालली होती.

"बस करा, मामा. आता झाली तुमच्या साहेबाची विहीर."

दुसऱ्या दिवशी तिला घेऊन कारखान्यात गेलो. तिनं सगळं समजावलं. साहेबानं चहा पाजला, मान डोलावली. "पटलं, मॅडम. थोडं पाणी हवंच." मी छाती काढून बसलो. तेवढ्यात तो म्हणाला, "मग ते आम्हीच मारू, बेतानं. शेठ, तुम्ही कोरडा माल पाठवा. ऑर्डर चालू."

ऑर्डर वाचली. पण आता रस्त्यानं भुकटी उडते, मागचे दुचाकीवाले माझ्या ड्रायव्हरला शिव्या घालतात, आणि माझी अक्कल साहेबाच्या पाइपातून वाहते.

परवा गाडीबरोबर गेलो, तर साहेब स्वतः उभा राहून ढिगावर पाणी मारून घेत होता. मी फाटकातूनच ओरडलो, "काय साहेब, विहीर खोदून राह्यले काय?"

पाइप धरलेला माणूस खो-खो हसला. साहेब हसला नाही. बरं वाटलं. पण बाजारात त्याला अजून कोणी पाणीवाला म्हणत नाही, हे काही मला पटलेलं नाही.